पॅनेलखालचा बूट

“...आणि दिवाळीच्या सुट्टीभर तो आकडा एकदाही हलला नाही?”

“एकदाही नाही, बाई. दोन म्हणजे दोन. खांब रोवल्यासारखा उभा आहे.”

उपाध्ये बाईंनी डबीतली आवळ्याची फोड तोंडात टाकली. 

समोर उभ्या असलेल्या शार्दूल मगदूमची छाती फुगली. बाई खूष झाल्या, असं त्याने गृहीत धरलं. खरं तर बाई आवळा चघळायला लागल्या की सांडपाणी प्रकल्पावरची जुनी माणसं हळूच काढता पाय घेत. शार्दूललाही ते ठाऊक होतं. पण माणूस स्वतःवर फिदा असला की ठाऊक असलेलंही आठवत नाही.

आणि आज तर तो फारच फिदा होता. आज बाईंचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. संध्याकाळी निरोप, हार, भाषणं. बाईंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात मोठ्या टाकीच्या पॅनेलची किल्ली असे. रोज सकाळी त्या पॅनेल उघडून देत, संध्याकाळी स्वतः बघून कुलूप लावत. ही किल्ली आज कुणाच्या हातात जाणार, एवढाच प्रश्न उरला होता. प्रकल्पप्रमुख चौगुले साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, बाईंनी कुणाला दिली तर ठीक, नाही तर उद्यापासून बाहेरच्या कंपनीचा माणूस बसेल.

शार्दूलला ती किल्ली हवी होती. इतकी हवी होती की रात्री झोपेतसुद्धा त्याला ती आपल्या गळ्यात टोचत असे.

“बाई, तुम्ही एकदा येऊन बघा तरी,” तो म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

“चल,” बाई म्हणाल्या. “बघू तुझा खांब.”

*

ती टाकी म्हणजे शाळेच्या पटांगणाएवढा हौद होता. वसाहतीतले सगळे कापड रंगवणारे कारखाने आपलं रंगीत पाणी तिथं आणून सोडत. पाण्यात अब्जावधी जिवाणू होते. ते तो रंग, ती खळ, ती घाण खाऊन पाणी शुद्ध करत. त्यांचा एकच हट्ट होता. त्यांना श्वास घ्यायला हवा लागे. तळातून ब्लोअर हवा सोडत, आणि सगळी टाकी उकळी फुटल्यासारखी खदखदत असे.

पाण्यात हवा किती विरघळली आहे, ते सांगायला कठड्यावरून एक सेन्सर आत सोडलेला होता. हातभर लांब नळी, तिच्या टोकाला नाण्याएवढी टोपी. ती टोपी पाण्याला विचारी, पॅनेलवर आकडा उमटे, आणि आकडा बघून ब्लोअर आपला वेग कमीजास्त करत. दोन असला की जिवाणू सुखात. शून्याकडे गेला की गुदमरले.

थोडक्यात, एवढ्या मोठ्या हौदाचा जीव त्या नाण्याएवढ्या टोपीच्या खरेपणावर होता.

टोपीला खोटं बोलायची सवय मात्र लवकर लागे. कापडाची वसाहत होती, पाण्यातून सूत यायचं. ते टोपीला गुंडाळून बसे, वर शेवाळी लिबलिबीत थर चढे. मग टोपी पाण्याची बातमी द्यायची सोडून आपल्याच अंगावरच्या थराची बातमी देई. म्हणून तिला वरचेवर काढून पुसावं लागे.

पुसताना एक पथ्य होतं. टोपी हवेत आली की आकडा एकदम आठाकडे उडी मारणार. ब्लोअरना वाटणार, पाण्यात हवा उतू चाललीय, आणि ते मंदावणार. म्हणून पुसण्याआधी पॅनेलवर ‘होल्ड’ दाबायचा. आकडा होता तिथं गोठतो. पुसून झालं, टोपी पाण्यात स्थिरावली, की होल्ड काढायचा. या जुन्या यंत्रात तो आपोआप सुटत नसे. ज्याने दाबला त्यानेच काढायचा.

आणि इथं बाईंचा एक कायदा होता. नवा माणूस पहिल्या दिवशी तो ऐकून हसायचा.

होल्ड दाबला की एका पायातला बूट काढून पॅनेलखाली ठेवायचा. होल्ड काढला की बूट घालायचा.

बस्स. एवढंच. एका पायात बूट घालून माणूस फार लांब जात नाही.

शार्दूल हसला होता. पहिल्या दिवशीही, नंतरही. इंजिनियर झालेल्या माणसाला बूट काढायला लावतात म्हणजे काय? “पायातली वहाण पायातच बरी,” असं तो कॅन्टीनमध्ये म्हणायचा, आणि पोरं हसायची. बाईंसमोर मात्र गुपचूप काढायचा.

*

बाई कठड्याशी आल्या आणि थांबल्या. पॅनेलकडे त्यांनी बघितलंच नाही. नाक वर करून एक श्वास घेतला.

ब्लोअरवर ड्युटीला असलेला दादू खोत हात पुसत आला. “बाई, सकाळधरनं जरा वास मारतोय बगा. नासक्या अंड्यागत.”

“सुट्टी संपली ना आज,” शार्दूल मधेच म्हणाला. “सगळे कारखाने सकाळी एकदम सुरू झालेत. नवं पाणी आलंय, त्याचा वास असणार. आकडा दोनच आहे.”

“रंग?” बाईंनी विचारलं.

शार्दूलने टाकीत बघितलं. तपकिरी पाण्यावर मधेमधे काळसर झाक होती. “...ढग आलाय वर, बाई. सावली असेल.”

बाईंनी आभाळाकडे बघितलं. आभाळात ढग नव्हता.

“पॅनेल उघडते,” त्या म्हणाल्या. सुट्टीनंतर ते आज पहिल्यांदाच उघडत होतं. गळ्यातली किल्ली फिरली. धुळकट काचेचं दार बाजूला झालं. आत हिरवा आकडा चमकत होता. दोन.

“सेन्सर वर काढ.”

शार्दूलने सराईतपणे नळी वर ओढली. सुट्टीच्या आधीच त्याने ती लख्ख पुसली होती. चार दिवस पाणी मंद असल्यामुळे टोपीवर नावाला थर होता. त्याने ती उन्हात बाईंपुढे धरली, दागिना दाखवावा तशी.

“छान पुसलीस,” बाई म्हणाल्या.

“थँक्यू, बाई.”

“आता आकडा किती?”

“दोन,” तो म्हणाला.

मग त्याने हातातल्या टोपीकडे बघितलं. तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. ती हवेत होती. भर उन्हात, मोकळ्या हवेत.

“...दोन,” तो पुन्हा म्हणाला. 

 ब्लोअर घुमत होते. टाकी खदखदत होती.

शार्दूल वाकून पॅनेलच्या अगदी जवळ गेला. हिरव्या आकड्याच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं, होल्डचं अक्षर होतं. चार दिवस तो काचेबाहेरून त्या आकड्याला डोळे भरून बघत होता, आणि चार दिवस ते अक्षर तिथंच होतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शहरातल्या कॉलेजची मंडळी प्रकल्प बघायला आली होती. तो तेव्हा सेन्सर पुसत होता. होल्ड दाबलेला होता. पाहुणे समोर आले. पायात नवे बूट होते, पाहुण्यांत चार ओळखीचे चेहरे होते. एका पायावर कसं उभं राहायचं त्यांच्यापुढे? तो बूट न काढताच पुढे झाला, टाकीची सगळी माहिती सांगितली, टाळ्या घेतल्या, सेन्सर पाण्यात सोडला आणि चहाला गेला.

“बाई...”

“नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी तिच्याकडे बघ.”

टाकीच्या मधोमध काळी झाक आता स्पष्ट पसरत होती. सुट्टीत कारखाने बंद, जिवाणूंना काम नाही, म्हणून गोठलेला आकडा खपून गेला होता. आज सकाळी ताटं वाढली गेली, सगळे एकदम जेवायला बसले, आणि हवा मात्र सुट्टीतल्या हिशेबानेच येत होती. ब्लोअर बिचारे दोन बघून निवांत फिरत होते.

 शार्दूलचं बोट होल्डच्या बटणाकडे झेपावलं.

“कुठं चाललं बोट?”

“होल्ड काढतो, बाई.”

“टोपी कुठं आहे?”

त्याने बघितलं. नळी त्याच्या डाव्या हातात होती. “...हवेत.”

“हवेत कितीला जाईल आकडा?”

“आठाला...”

“आठ बघून ब्लोअर काय करतील?”

चटका बसल्यासारखं त्याने बोट मागे घेतलं. गुदमरलेल्याच्या नाकावर तो उशी दाबायला निघाला होता.

त्याने नळी पाण्यात सोडली, नीट, सावकाश.  टोपीला पाणी कळायला वेळ लागतो, तेवढा वेळ तो ओठ दाबून उभा राहिला. आयुष्यात इतकं लांबलेलं काही त्याने बघितलं नव्हतं. मग वाकला, आणि होल्ड काढला.

दोन गेला. आकडा धाडकन खाली आला, दीड, एक, अर्धा, आणि शून्याच्या नखभर वर जाऊन टेकला.

ब्लोअरनी एकदम सूर चढवला.

“बाई, आता?”

बाईंनी तिथलं पालथं पिंप ओढलं आणि त्यावर बसल्या. “मला काय विचारतोस? मी आज निरोपाची पाहुणी आहे.”

आणि खरंच आवळ्याची दुसरी फोड तोंडात टाकून पाय हलवत बसल्या.

*

पुढचा वेळ कसा गेला, ते शार्दूलला नंतर सांगता आलं नसतं.

“दादू, तिसरा ब्लोअर काढा.”

“त्यो उन्हाळ्यापासनं झाकून ठेवलाय, सायेब.”

“तेल बघा, वॉल्व्ह उघडा, हाताने फिरवून बघा. फिरतोय?”

“फिरतोय की.”

“मग लावा.”

तिसरा ब्लोअर खोकला, दोनदा अडखळला, आणि दम धरून गरजायला लागला. पायाखालचा कठडा हादरला. शार्दूलने फोन काढला होता. वसाहतीतल्या सगळ्यात मोठ्या रंगकारखान्याला लावला.

“मगदूम बोलतोय, प्रकल्पावरून. तुमचं पाणी निम्म्यावर आणा. आत्ता.”

“आज पहिलाच दिवस आहे, साहेब. मशीनवर माल चढलाय आमचा.”

“टाकी गुदमरलीय.”

“तुमची टाकी, तुमचा प्रश्न. चूक कुणाची आहे त्यात?”

शार्दूल क्षणभर थांबला. बाई ऐकत होत्या. दादूही ऐकत होता. किल्ली बाईंच्या गळ्यात होती, आणि जे तोंडातून निघणार होतं, ते बोलल्यावर ती तिथंच राहणार, हे त्याला कळत होतं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “पण पाणी तुमचं आहे. ही आज मेली तर उद्या ते कुठं सोडणार?”

पलीकडून उत्तर आलं, “...निम्म्यावर आणतो.”

दुसऱ्याला फोन. तिसऱ्याला. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर. तिसऱ्यांदा ‘चूक माझी’ म्हणताना त्याला ते जड गेलं नाही. उलट कसली तरी मोकळी हवा छातीत शिरल्यासारखी वाटली.

मग तो पॅनेलपुढे येऊन उभा राहिला.

आकडा शून्याशीच होता. हलेना. टाकी आटापिटा करत खदखदत होती, आणि आलेली सगळी हवा उपाशी जिवाणू वरच्यावर गिळत होते. दादूही कामावरून येऊन मागे उभा राहिला. 

शून्याच्या वर नखभर.

अजून तेवढंच.

मग नखाचं बोट झालं. पुन्हा खाली आलं. पुन्हा चढलं, थोडं अधिक. अर्ध्यापाशी जाऊन कचरलं, खाली घसरलं, उसळून पाऊणवर गेलं.

“हलतोय,” शार्दूल म्हणाला. “बाई, हलतोय!”

“हलतोय होय?”

“वर जातोय, खाली येतोय, परत वर जातोय. दादू, बघा, बघा की!”

तो अक्षरशः नाचत होता. सकाळी जो माणूस न हलणाऱ्या आकड्याची फुशारकी मारत होता, तोच आता आकड्याच्या प्रत्येक गचक्याला टाळी देत होता. दादूनेही दात काढले. बाई पिंपावरून उठल्या, पॅनेलजवळ आल्या आणि चष्मा सावरून त्या नाचऱ्या आकड्याकडे बघत राहिल्या.

“आणि तुझा खांब रे कुठं गेला?”

शार्दूल हसला. मग त्याचं हसू विरलं. त्याला किल्लीचं विचारायचं होतं, पण जीभ उचलेना.

बाई टाकीकडे बघत होत्या. काळी झाक फिकी होत चालली होती.

“त्या दिवशी संध्याकाळी,” त्या म्हणाल्या, “मी कुलूप लावायला आले होते. आठवतंय?”

“हो.”

“आकडा नाही बघितला मी. तुझे पाय बघितले.”

शार्दूलची नजर आपल्या बुटांवर गेली.

“दोन्ही बूट होते. मी कुलूप लावलं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. त्या वळल्या आणि ऑफिसच्या दिशेने चालायला लागल्या. काळा दोरा त्यांच्या मानेवर दिसत होता. शार्दूल तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. त्याला रडू आलं, आणि दादू जवळ असल्यामुळे ते त्याने गिळलं.

*

दुपार कलली. फाटकाजवळच्या मांडवात खुर्च्या लागल्या, लाउडस्पीकर खरखरला.

“चला की सायेब,” दादू म्हणाला. “सगळी गेली.”

“तुम्ही व्हा पुढे.”

“त्यांचा शेवटचा दिस हाय.”

“म्हणूनच,” शार्दूल म्हणाला. टाकी पुरती सावरल्याशिवाय बाईंपुढे तोंड घेऊन जायची त्याची तयारी नव्हती. कारखान्यांना त्याने हळूहळू पाणी वाढवायला सांगितलं होतं. आकडा दोनाच्या आसपास झोके घेत होता. मांडवातून चौगुले साहेबांचा आवाज येत होता, बाईंच्या काटेकोरपणाबद्दल, निष्ठेबद्दल. टाळ्या झाल्या.

आणि आकडा पडला.

झोका न घेता, सरळ घसरत शून्याला गेला.

ब्लोअर पुन्हा गरजले.  शार्दूलचा हात फोनकडे गेला, सगळ्यांचं पाणी बंद करा म्हणून सांगायला. फोन कानाला लागण्याआधी तो थबकला.

त्याने नाक वर केलं.

वास नव्हता. ओल्या मातीसारखा, टाकीचा नेहमीचा वास येत होता. तो कठड्यावरून वाकला. पाणी तपकिरी होतं, फेस पांढरा आणि हलका होता. मघाशी आकडा ‘सुखात’ म्हणत होता तेव्हा टाकी मरत होती. आता आकडा ‘मेली’ म्हणतोय, आणि टाकी तर मजेत खातेय.

“सूत,” तो मोठ्याने म्हणाला. कारखाने पूर्ण सुरू झाले होते. वाढलेल्या पाण्यासोबत सुताचा लोंढा आला असणार.

त्याने होल्ड दाबला.

मग आजूबाजूला बघितलं. बघणारं कुणी नव्हतं. सगळे मांडवात होते. त्याने वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढून आत खोचला आणि पॅनेलखाली नीट ठेवला. ऊन खाऊन तापलेलं लोखंड तळव्याला पोळलं.

नळी वर आली तेव्हा टोपीला निळ्या-लाल सुताचा नारळाएवढा गुंता बसलेला होता. शार्दूलला हसूच फुटलं. नखाने ओरबाडायचं नाही, टोपीचं पापुद्र्यासारखं कातडं फाटतं, हे बाईंनी शंभरदा सांगितलेलं. त्याने धागा धागा सोडवला. साध्या पाण्याने धुतलं. मऊ फडक्याने, बाळाचं तोंड पुसावं तसं पुसलं. मग टोपीला ओलं फडकं सैल गुंडाळून सावलीत टांगली. आता पॅनेलमधलं तपासणीचं बटण दाबून, होल्ड न काढता, ती हवेत किती सांगते ते बघायचं, खरं सांगते अशी खात्री झाली की मगच पाण्यात.

मांडवातल्या टाळ्या थांबल्या. गाडीचा हॉर्न वाजला.

दादू पळत येताना दिसला, लांबूनच हात हलवत. “सायेब, बाई निघाल्या! गाडीत बसायल्यात!”

शार्दूलने टोपीकडे बघितलं. अजून तिचं मन स्थिरावलं नव्हतं. आत्ता होल्ड काढला तर ब्लोअर मंदावणार. पाण्यात सोडून निघावं, तर ती खरी की खोटी हे न बघताच सोडल्यासारखं होणार. थांबावं, तर बाई गेल्या. आयुष्यभर ही रुखरुख राहणार.

बूट पॅनेलखाली होता. घालायला क्षण लागला असता.

त्याने तो घातला नाही.

“दादू, इथंच थांबा. कशालाही हात लावू नका,” तो म्हणाला, आणि पळत सुटला.

एका पायात बूट, एक पाय उघडा. खडीचा रस्ता होता, तापलेला, टोकदार. तो लंगडत, उड्या मारत, बोंबलत धावत होता. मांडवातले लोक वळून बघायला लागले. कुणी तरी हसलं. हसोत. त्याला त्याचं काही वाटलं नाही, आणि आपल्याला काही वाटत नाही याचाच त्याला आनंद झाला. सगळ्या अंगातून तो आनंद उसळत होता, पायाचा कोळसा होत असतानासुद्धा.

बाईंच्या गळ्यात झेंडूचा हार होता. दार उघडं होतं, एक पाय गाडीत होता. चौगुले साहेब दार धरून उभे होते.

“बाई, तेवढं किल्लीचं राहिलं,” ते म्हणत होते. “बाहेरच्या माणसाला उद्या सकाळी बोलावलंय मी. माझ्याकडे देऊन ठेवा.”

बाईंचा हात हाराखाली, काळ्या दोऱ्याकडे गेला होता.

शार्दूल धापा टाकत पोचला. बोलायला दम नव्हता. तो सरळ बाईंच्या पायाशी वाकला.

बाईंनी पाय मागे घेतला.

तो वाकलेलाच राहिला.  बाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. एक नवा काळा बूट, धुळीने माखलेला. शेजारी एक लाल झालेला उघडा पाय, करंगळीला खडी लागून रक्त आलेलं.

“काय रे हे ध्यान, मगदूम?” चौगुले साहेब म्हणाले. “दुसरा बूट कुठं आहे?”

“पॅनेलखाली, साहेब.”

“म्हणजे?”

 शार्दूलने मान वर करून बाईंकडे बघितलं.

“सूत?” बाईंनी विचारलं.

“सूत.”

“आकडा काय म्हणत होता?”

“शून्य.”

“मग पाणी बंद केलंस?”

“नाही, बाई. वास घेतला.”

बाईंच्या तोंडात आवळा नव्हता, तरी त्या काही तरी चघळत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी गाडीतला पाय बाहेर काढला. झेंडूच्या हारातून काळा दोरा डोक्यावरून ओढला, आणि किल्ली त्याच्या ओल्या, सुताने माखलेल्या हातात ठेवली.

“येताना कुलूप लावून ये.”

 शार्दूल किल्ली घट्ट धरून तसाच उभा राहिला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. चौगुले साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. “बाई, तुमची रेल्वे चुकेल. आधीच उशीर झालाय.”

बाईंनी उजव्या पायातली चप्पल काढली. गाडीच्या दाराखाली, धुळीत, नीट सरळ ठेवली. आणि उघडा पाय तापलेल्या खडीवर टेकला.

“जा,” त्या शार्दूलला म्हणाल्या. “मी थांबते.”